कॉलेजला जायचं की कामाला? प्रश्न बाबासाहेबांच्या घरातही होता

बारावीचा निकाल लागला की देवळा तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांत एकच विषय निघतो: पुढं शिकायचं की कामाला लागायचं? घर मजुरीवर चालतं. नाशिकला रोज ये-जा होत नाही आणि तिथलं खोलीभाडं झेपत नाही. मुलगी असेल तर लग्नाची घाई वेगळीच. शिवाय मनातली भीती: इंग्रजी जमेल का, वर्गात कुणी आडनाव विचारून तोंड फिरवलं तर?

अशा पोरांना जयंतीच्या स्टेजवरून सुनावलं जातं, ‘बाबासाहेब एवढ्या हालात शिकले, तुम्हाला काय धाड भरली?’ आम्हाला हे मान्य नाही. इतिहासालाही ते धरून नाही.

भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. पुढं इंटर होईपर्यंत सुभेदार रामजींची ऐपत संपत आली होती. शिक्षण तिथंच थांबायचं. केळुसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडं शब्द टाकला, महिना २५ रुपये शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून १९१२ साली बी.ए. झालं. जिद्द होतीच, पण जिद्दीनं फी भरली जात नाही. हे बाबासाहेबांइतकं कुणाला कळलं असणार?

म्हणूनच व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळवली. १९४४ पासून सुरू झालेली ती मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आजही आपली पोरं घेतात. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली, २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. तिथं वर्ग सकाळी भरत. का? तर दिवसा नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावं. ‘कमवू की शिकू’ या प्रश्नाला बाबासाहेबांनी चक्क वेळापत्रकातून उत्तर दिलं! १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं, त्याच्यासोबत वसतिगृहंही उभी राहिली.

आपल्या जिल्ह्यातही हेच घडलं. नाशिकच्या खडकाळीत वाढलेल्या शांताबाई दाणी स्वतः शिकल्या आणि पुढं त्यांनी खेड्यापाड्यातल्या मुलींसाठी नाशिकला रमाबाई आंबेडकर वसतिगृह चालवलं. मुलीला शहरात ठेवायचं कुठं, ही आईबापाची काळजी त्यांनी खोटी ठरवली नाही. राहायची सोय केली.

आता सोयी कागदावर पुष्कळ आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, समाजकल्याणची वसतिगृहं आहेत, तिथं नंबर न लागलेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. पण उत्पन्नाचा दाखला वेळेत निघत नाही, महाडीबीटीचा अर्ज एका चुकीनं परत येतो, पैसे उशिरा येतात आणि तोवर पोरगं कामाला लागलेलं असतं. जून-जुलैत विहारात दर रविवारी एक टेबल लावा. फॉर्म भरू शकणारे दोघं बसवा, सोबत कॉलेजात शिकणारी आपलीच एखादी मुलगी. आईबापांना तिच्याशी बोलू द्या. पहिल्या हप्त्यापुरती उसनवारी जयंतीच्या वर्गणीतून करता येते. डीजे एक तास कमी वाजला तरी चालेल.

जय भीम!