कक्षा, बैजिक गटांच्या

सदिश अवकाशावर बैजिक गटाची एकघाती क्रिया होत असताना एखाद्या सदिशाला गटातील सर्व घटक लावून मिळणाऱ्या सदिशांचा संच म्हणजे त्या सदिशाची कक्षा. ग्रहांच्या कक्षेशी नावापुरतेच नाते. कक्षा आणि तिला चिकटलेले सीमाबिंदू मिळून तिची संवृती होते. हे सीमाबिंदू नेहमी कमी मितीच्या कक्षांमध्ये असतात. ज्या कक्षेला असे परके सीमाबिंदू नाहीत ती संवृत कक्षा. वेगळे सांगितले नसेल तेथे संख्या सदसत् समजाव्यात.

उदाहरण : दोन ओळी व दोन स्तंभांच्या आव्यूहाला डावीकडून एका व्यस्तक्षम आव्यूहाने आणि उजवीकडून त्याच्या व्यस्ताने गुणावे. कर्णावरील बेरीज व निर्धारक बदलत नाहीत. बाकीच्या सर्व निश्चल बहुपदी या दोहोंतूनच तयार होतात. बेरजेचा वर्ग निर्धारकाच्या चौपटीहून वेगळा असेल, तर या दोन आकड्यांवरून कक्षा पक्की ठरते. ती संवृत असून तिची मिती २. दोन्ही समान झाले की घोटाळा होतो. कर्णावर ३ व ३, वर उजवीकडे १, खाली ० असा आव्यूह घ्या : बेरीज ६, निर्धारक ९. कर्णावर ट व १ असलेला कर्ण आव्यूह त्याला लावला की वरच्या १ च्या जागी ट येतो, बाकी काही हलत नाही. ट शून्याकडे नेला की आव्यूह एकक आव्यूहाच्या तिपटीला जाऊन भिडतो. ती तिप्पट मात्र या कक्षेत नाही. तिची कक्षा म्हणजे ती एकटीच. बहुपदींना हे दोघे सारखेच दिसतात. एका कक्षेला एक बिंदू असा नकाशा त्यामुळे काढता येत नाही. व्यस्तक्षम आव्यूहांच्या गटासारख्या रिडक्टिव्ह गटांच्या बाबतीत निश्चलांच्या प्रत्येक मूल्यसंचाला नेमकी एक संवृत कक्षा असते, एवढ्यावर भागवावे लागते.

शून्यघाती कक्षा : ज्यांचा कोणता तरी घात शून्य होतो अशा आव्यूहांच्या, वरच्याच क्रियेखालील, कक्षांची संख्या सांतच असते, आणि त्या आव्यूहाच्या आकारसंख्येच्या विभाजनांनी मोजल्या जातात. आकार ४ असता ५ कक्षा, त्यांच्या मिती ०, ६, ८, १०, १२. कोणती कक्षा कोणाच्या संवृतीत येते याचा नियम गर्स्टेनहेबर यांनी १९६१ मध्ये मांडला. आकार ५ पर्यंत सर्व कक्षा एका साखळीत बसतात. आकार ६ ला साखळी फुटते : ३+३ आणि ४+१+१ यांच्या कक्षांपैकी कोणतीच दुसरीच्या संवृतीत नसते.

इतिहास : हिल्बर्ट यांनी १८९० मध्ये निश्चलांची सांत जनकता सिद्ध केली आणि १८९३ मध्ये ज्यांवर सर्व अचरेतर एकजिनसी निश्चल शून्य होतात अशा सदिशांचा विचार केला. मम्फर्ड यांचा निश्चल सिद्धांतावरील ग्रंथ १९६५ चा.

धन लक्षणाच्या क्षेत्रांवर, गटावर सरासरी काढून निश्चल मिळवण्याची युक्ती चालत नाही. मम्फर्ड यांची अटकळ अशी, की रिडक्टिव्ह गटाने न हलणाऱ्या प्रत्येक शून्येतर सदिशावर शून्य न होणारी, धन घाताची एकजिनसी निश्चल बहुपदी असते; ती एकघाती असेलच असे नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सी. एस. शेषाद्री यांनी दोन आकाराच्या आव्यूह गटासाठी ती सिद्ध केली. हा निबंध मुंबईत १९६८ मध्ये भरलेल्या परिसंवादाच्या १९६९ च्या ग्रंथात आहे. सर्व रिडक्टिव्ह गटांसाठीची सिद्धता हबूश यांची (१९७५). व्यापक पायावरील विस्तार पुन्हा शेषाद्रींचा (१९७७).

याच संस्थेतून एम. एस. नरसिंहन व शेषाद्री यांचा १९६५ चा सिद्धांत आला. दोन किंवा अधिक छिद्रांच्या संहत रीमान पृष्ठावरील शून्य घाताचे स्थिर सदिश गठ्ठे आणि पृष्ठाच्या मूलभूत गटाची अखंडनीय एकात्मक निरूपणे यांची जोडी जुळते. गणना होते ती निरूपणांची नव्हे, तर एकात्मक गटाखालील त्यांच्या कक्षांची. निरूपणांचा अवकाश सदिश अवकाश नाही, त्यामुळे आरंभीच्या व्याख्येत हे बसत नाही. तरी ते गाळणे योग्य वाटले नाही.

बाणाकृतींची (बिंदू व त्यांना जोडणारे बाण यांच्या आकृतींची) निरूपणे : सांत कक्षांचा निकष गाब्रिएल (१९७२).

पूर्णांकांवरील कक्षा : भार्गव (२००४ पासून).