भागीरथीकांठची जुनी टिहरी

गंगोत्रीच्या वाटेवर भागीरथी व भिलंगना या दोन नद्या जेथें मिळतात, त्या संगमावरील जमिनीच्या चिंचोळ्या पट्टींत टिहरी नांवाचें शहर १८१५ पासून २००५ पर्यंत नांदत होतें. आयुष्य अवघें १९० वर्षांचें. पुण्या-पैठणच्या हिशेबानें हें वय बालकाचेंच. परंतु तेवढ्या अवधींत या डोंगरी गांवानें एक राज्य उभें राहिलेलें पाहिलें, तें लयास गेलेलें पाहिलें, आणि शेवटीं स्वतःच जलसमाधि घेतली.

शहराचा जन्म पराभवांतून झाला. गढवालची राजधानी पूर्वीं अलकनंदेच्या कांठीं श्रीनगर येथें होती. हें श्रीनगर काश्मीरचें नव्हे. १८०४ सालीं डेहराडूनजवळ खुडबुडा येथील लढाईंत गुरख्यांनीं राजा प्रद्युम्नशाह यास ठार केलें, आणि पुढें सारा मुलूख दहा-अकरा वर्षें त्यांच्या टांचेखालीं राहिला. कंपनी सरकारनें १८१५ सालीं गुरख्यांस हांकलून दिलें खरें; पण मदतीचा मोबदलाही चोख वसूल केला. अलकनंदेच्या पूर्वेचा प्रदेश जुन्या राजधानीसह कंपनीकडे राहिला, डेहराडूनचें खोरेंही गेलें, आणि मृत राजाचा पुत्र सुदर्शनशाह याच्या पदरांत पश्चिमेकडील डोंगरदऱ्या पडल्या. राजधानी गमावलेल्या या राजानें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत संगमावर आपलें ठाणें वसविलें. कालभैरवानें येथें राजाची स्वारी अडविली, अशी आख्यायिका आहे. भैरवाची इच्छा असो वा नसो, दोन बाजूंस नद्यांचा खंदक आणि पायाखालीं थोडी सपाट जमीन, हा योग हिमालयांत दुर्मिळच होय. नांवाची व्युत्पत्ति लोक 'त्रिहरी' अशी सांगतात. मन, वाणी व काया यांचीं पापें हरण करणारी. ती भाविकांच्या मुखीं शोभते. शब्दशास्त्राच्या कसोटीस उतरेलच असें नाहीं.

टिहरीचें दैनंदिन जीवन साधें होतें. आसपासच्या डोंगरउतारांवर पायऱ्यापायऱ्यांचीं शेतें. त्यांत नाचणी, वरीसारखा झंगोरा आणि कुळीथ. नाचणीस तेथें मंडुवा म्हणतात व कुळिथास गहत. कोंकणांतील मनुष्य त्या पंगतीस बसता, तर नांवें वेगळीं ऐकूनही घांस ओळखीचा वाटला असता. टिहरीच्या बाजारांतील सिंगोरी ही मिठाई प्रसिद्ध होती: खवा साखरेंत आटवून मालू नांवाच्या वेलीच्या पानाच्या शंकूंत भरावयाचा, म्हणजे पानाचा सुवास खव्यास लागतो. तितकीच प्रसिद्ध तेथील नथ. आपली नथ मोत्यांची व आटोपशीर. टिहरीची सोन्याची, वर्तुळाकार आणि चांगली मोठी. लग्नप्रसंगीं घराण्याची पत नथेवरून जोखली जाई. पुरुष पलटणींत किंवा मैदानी शहरांत चाकरीस जात, आणि गवत, लांकूड, पाणी व शेत हा सगळा भार बायकांच्या पाठीवर पडे. डोंगरी जीवनाच्या रम्य वर्णनांत ही गोष्ट बहुधा गाळली जाते.

राज्याचें धन म्हणजे जंगल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेडरिक विल्सन नांवाच्या इंग्रजानें वरच्या खोऱ्यांत हर्सिल येथें ठाण मांडून दरबाराकडून देवदाराचा ठेका मिळविला, आणि रेल्वेच्या रुळांखालीं घालावयाचे ओंडके भागीरथींत सोडून दिले. नदी ते फुकट वाहून नेई. पुढें जंगलावर दरबारचे निर्बंध वाढत गेले. गुरें कोठें चारावीं, लांकूड किती तोडावें याचे नियम झाले, आणि ३० मे १९३० रोजीं यमुनेच्या खोऱ्यांत तिलाडी येथें जमलेल्या गांवकऱ्यांवर दरबारच्या फौजेनें गोळ्या झाडल्या.

तत्पूर्वीं राजा कीर्तिशाह याच्या कारकीर्दींत शहरास थोडें वैभव आलें होतें. व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाप्रीत्यर्थ १८९७ सालीं उंच घंटाघर उभारलें गेलें. ज्यांचीं व्याख्यानें मराठी वाचकांसही परिचित आहेत ते स्वामी रामतीर्थ याच राजाच्या साहाय्यानें १९०२ सालीं जपानास गेले, तेथून अमेरिकेस गेले, आणि परत आल्यावर १९०६ च्या दिवाळींत टिहरीजवळ नदींत स्नान करीत असतां प्रवाहांत बुडाले. त्यांचें वय अवघें ३२ वर्षांचें होतें.

कीर्तिशाहानंतर नरेंद्रशाहानें १९१९ च्या सुमारास राजधानी नरेंद्रनगरास हलविण्यास प्रारंभ केला. बदरीनाथाचें द्वार कोणत्या दिवशीं उघडावयाचें तें वसंतपंचमीस अद्यापि तेथील राजवाड्यांतच ठरतें. कारण गढवालचा राजा म्हणजे 'बोलांदा बदरी', बोलता बदरीनाथ, अशी तिकडील श्रद्धा. टिहरीस मात्र तुरुंग राहिला, आणि त्या तुरुंगानें शहराचें नांव अधिक गाजविलें. प्रजामंडळाचे तरुण पुढारी श्रीदेव सुमन यांनीं ३ मे १९४४ रोजीं तेथें उपोषण आरंभिलें. ८४ दिवस अन्न न घेतां २५ जुलै रोजीं त्यांनीं प्राण सोडला. वय २८ वर्षें. त्यांचें प्रेत आप्तांच्या स्वाधीन न करितां रात्रीं भिलंगनेंत सोडून देण्यांत आलें. बोलत्या देवाच्या राज्यांत हें घडलें. जानेवारी १९४८ मध्यें कीर्तिनगर येथें नागेंद्र सकलानी व मोलू भरदारी हे दोघे गोळीबारांत मारले गेले. त्यांचीं प्रेतें घेऊन लोक मिरवणुकीनें टिहरीस चालत आले, आणि दरबारची सत्ता तेथेंच ढासळली. १ ऑगस्ट १९४९ रोजीं संस्थान विलीन झालें.

यानंतर शहराचा शत्रु राजा नव्हता, नकाशा होता. संगमाच्या थोडें खालीं धरण बांधण्याची योजना १९७२ सालीं मंजूर झाली. वीरेंद्रदत्त सकलानी या वकिलांनीं विरोध संघटित केला. चिपको चळवळीचे सुंदरलाल बहुगुणा धरणाच्या जागेजवळच नदीकांठीं झोपडी बांधून राहिले व त्यांनीं दीर्घ उपोषणें केलीं. मुळशीचा १९२१ चा सत्याग्रह ज्यांनीं वाचला आहे त्यांस यांतलें कांहींच नवें वाटणार नाहीं; तेथेंही वीज शहराची होती आणि जमीन मावळ्याची. १९९१ सालीं उत्तरकाशीस मोठा भूकंप होऊन भयाचें कारण डोळ्यांपुढें आलें, तरी काम थांबलें नाहीं. २६० मीटर उंचीचा बांध उभा राहिला आणि २९ ऑक्टोबर २००५ रोजीं शेवटचा बोगदा बंद करण्यांत आला. धरणाची वीज उत्तर हिंदुस्थानास व पाणी दिल्लीस मिळतें, हेंही नमूद केलें पाहिजे.

शहरवासीयांपैकीं पुष्कळ वरच्या डोंगरावर वसविलेल्या नव्या टिहरींत गेले. रस्ते आंखीव आहेत, घंटाघराची प्रतिकृतिही उभी आहे. परंतु नदी खोल खालीं राहिली, आणि उबदार खोऱ्यांत वाढलेल्यांस तेथील धुकें व गारठा सोसावा लागला. गांवांतील शेतकऱ्यांपैकीं अनेकांस डेहराडून-हरिद्वारकडील मैदानांत जमिनी मिळाल्या. तेथें मंडुव्याऐवजीं ऊंस व गहूं पिकतो. जलाशयाची पातळी फार उतरते त्या वर्षीं जुन्या राजवाड्याच्या भिंती चिखलांतून वर येतात. तेव्हां नव्या टिहरींतील वृद्ध मंडळी कांठावर येऊन उभी राहतात, आणि आपली गल्ली कोठें होती तें नातवंडांस बोटानें दाखवितात.