माझं काय चुकलं? खुब्याचा सांधा, जंतू आणि भीतीचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा ज्यांना घरच्या ग्रुपवर कोणालातरी पाठवायचंय, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलले तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे' जरा कमी केलेत.

या वेळचा विषय माझ्या घरातून आलाय. बाबांच्या खुब्याचा सांधा बदलला. कोविडमध्ये जीव वाचवायला स्टिरॉइड द्यावी लागली होती. त्यानंतर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होत गेला आणि हाड आतून खचलं. ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी बाबा वॉकर घेऊन दारापर्यंत गेले, आईने व्हिडिओ काढला, सगळ्या नातेवाइकांनी अंगठे पाठवले.

सोळाव्या दिवशी, रात्री पावणेदोनला, माझ्या फोनवर एक फोटो आला. टाक्यांचा. खाली एकच ओळ होती: "अगं, हे ओलं दिसतंय का तुला?"

ओलं होतं. इन्फेक्शन होतं. पुन्हा ऑपरेशन झालं. आतली जागा धुऊन साफ केली, सांध्याचे सुटे होणारे भाग बदलले, हाडात बसवलेले भाग तसेच ठेवले आणि तीन महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. घरात मात्र वेगळीच चौकशी सुरू झाली. मावशी म्हणाली, वांगं खाल्लं असेल. आत्या म्हणाली, भेटायला इतकी माणसं कशाला येऊ दिली? बाबा कोणालाच काही बोलले नाहीत. एका संध्याकाळी मला हळूच म्हणाले, "माझं काय चुकलं गं?"

मी पडले सॉफ्टवेअरवाली. आमच्याकडे सर्व्हर बंद पडला की मूळ कारण शोधतात. मीही शोधायला बसले. बाबांच्या केसचं एकच एक कारण काही सापडलं नाही. पण शोधता शोधता सव्वाशे वर्षांची एक गोष्ट हाती लागली. तीच आज सांगते.

बर्लिन, १८९०

थेमिस्टोक्लिस ग्लुक नावाचा जर्मन सर्जन. त्याने हस्तिदंताचे कृत्रिम सांधे बनवले आणि खरोखर माणसांना बसवले. पेशंट बहुतेक कोण? ज्यांचे सांधे क्षयरोगाने, म्हणजे टीबीने खाल्ले होते ते. सुरुवातीला काही सांधे हललेसुद्धा! पण ज्या सांध्यात आधीच जंतू बसलेत, तिथे नवी वस्तू ठेवली की काय होणार? पू झाला, सांधे काढावे लागले. टीबी झालेल्या सांध्यात हे करू नये, अशा निष्कर्षावर ग्लुकला स्वतःलाच यावं लागलं.

आता गंमत बघा. त्याच वर्षी, त्याच बर्लिनमध्ये एक मोठी आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषद भरली होती. तिथे आले होते जोसेफ लिस्टर. १८६७ मध्ये कार्बोलिक ॲसिड वापरून जखमेतले जंतू मारायची पद्धत जगापुढे मांडणारे तेच हे लिस्टर. त्यांनी पुढे ऑपरेशनच्या खोलीतल्या हवेत कार्बोलिकचा फवारा मारायलाही सुरुवात केली होती. बर्लिनच्या परिषदेत मात्र त्यांनी हा फवारा स्वतःच्या तोंडाने चुकीचा ठरवला. हवेतल्या जंतूंना आपण उगाच एवढं घाबरलो, असं त्यांचं मत झालं होतं.

हात धुवा, हत्यारं उकळा, हवेचं फार मनावर घेऊ नका. पुढे बराच काळ साधारण असंच चाललं. बहुतेक ऑपरेशनांना ते पुरलंही.

टीबीच्या दवाखान्यात खुब्याचं केंद्र

आता थेट इंग्लंडमध्ये जाऊ. लँकेशायरमध्ये विगन गावाजवळ राइटिंग्टन नावाचं हॉस्पिटल आहे. ते मुळात टीबीच्या पेशंटसाठी बांधलेलं. टीबीवर औषधं आली, खाटा रिकाम्या व्हायला लागल्या, आणि तिथे जॉन चार्नली या सर्जनने खुब्याच्या ऑपरेशनचं केंद्र उभं केलं. आज जगभर खुबा बदलतात तो ढोबळमानाने याच माणसाच्या कल्पनेवर: मांडीच्या हाडात धातूचा छोटा गोळा, कमरेच्या हाडात प्लास्टिकची वाटी, आणि दोन्ही पक्कं बसवायला बोन सिमेंट.

पण पहिली वाटी टेफ्लॉनची होती. हो, नॉनस्टिक तव्याचं टेफ्लॉन. गुळगुळीत असतं, म्हणून निवडलं. सुमारे ३०० पेशंटना बसवलं. लोक चालायला लागले, खूश होते. मग दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं, त्याचे कण आजूबाजूच्या मांसात गेले, गाठी झाल्या, सांधे सैल पडले. ज्यांना चालवलं त्यांनाच पुन्हा टेबलावर घ्यायची वेळ चार्नलींवर आली. या कणांनी शरीरात नेमकं काय होतं हे बघायला त्यांनी ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतले, आणि १९६३ मध्ये त्याचा निष्कर्ष छापलासुद्धा.

नवं प्लास्टिक आलं ते कापडगिरण्यांच्या वाटेने. यंत्रमागाच्या गिअरसाठी वापरतात ते पॉलिथिलीन एका विक्रेत्याने आणून दाखवलं. चार्नलींनी नखाने दाबून बघितलं आणि नको म्हणाले. ते परगावी असताना त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने मात्र तो तुकडा घासणीच्या यंत्रावर चढवून ठेवला. परत येऊन बघतात तर झीज जवळपास नाहीच! नोव्हेंबर १९६२ मध्ये नवी वाटी पहिल्यांदा माणसाला बसवली.

झिजेचा प्रश्न सुटला. दुसरा समोरच होता: इन्फेक्शन.

हवेवर पुन्हा संशय

सुरुवातीच्या काळात चार्नलींच्या पेशंटपैकी सुमारे ७ टक्के लोकांना खोल इन्फेक्शन होत होतं. १०० जणांत ७. आणि त्या काळी त्याचा अर्थ काय होता? बसवलेलं सगळं काढून टाकायचं, जागा मोकळी ठेवायची. माणूस जगायचा, पण पाय आखूड, आणि काठी कायमची.

चार्नलींचा संशय हवेवर गेला. लिस्टरने सोडून दिलेल्या त्याच हवेवर. साध्या जखमेत चार जंतू पडले तर शरीर त्यांचा समाचार घेतं. पण आत परकी वस्तू असेल तर थोडेसे जंतूही पुरतात. मग त्यांनी कोणाला गाठलं असेल? बिअरच्या कारखान्यांसाठी हवा गाळायची यंत्रणा बनवणाऱ्या एका कंपनीला! आंबवण्याच्या जागी नको ते जंतू पडले तर माल वाया जातो, त्यामुळे ती मंडळी हवेच्या बाबतीत सर्जनपेक्षा काटेकोर. त्यांच्या मदतीने थिएटरच्या आत एक छोटी खोलीच उभी केली. वरून गाळलेली हवा सतत खाली, आणि सर्जनच्या अंगावर असा पोशाख की त्याचा श्वाससुद्धा नळीने बाहेर जाईल. प्रतिबंधक अँटिबायोटिक मुद्दाम दिली नाहीत, म्हणजे फरक नक्की कशाने पडला ते कळेल.

१९७२ मध्ये त्यांनी सुमारे ५,८०० ऑपरेशनांचा हिशोब छापला. ७ टक्क्यांवरून साधारण अर्ध्या टक्क्यावर!

लोकांनी लगेच मान्य केलं का? छे. कारण दहा वर्षांत हवेसोबत बाकीही बरंच सुधारलं होतं. मग ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ८,००० हून जास्त ऑपरेशनांवर मोठी चाचणी केली. निकाल जुलै १९८२ मध्ये आला. अतिस्वच्छ हवेने इन्फेक्शन निम्मं झालं, त्या खास पोशाखाची जोड दिली तर आणखी खाली आलं. आणि अँटिबायोटिकचाही स्वतंत्र फायदा होता, म्हणजे त्या बाबतीत चार्नलींचा हट्ट पूर्ण बरोबर नव्हता. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट १९८२ मध्ये, चार्नली गेले.

त्यांची आणखी एक सवय सांगते. मृत्यूनंतर तो सांधा परत तपासायला मिळावा, अशी संमती ते पेशंटकडून मागायचे. आमच्या कामात 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टम' म्हणतात. सिस्टिम कोसळली की दोषी माणूस शोधायचा नाही, काय घडलं ते लिहायचं. या माणसाने ते शब्दशः केलं होतं.

टाकीतलं शेवाळ

पण तरीही ज्यांना इन्फेक्शन व्हायचं त्यांचं काय? हॅम्बुर्गमध्ये बुखहोल्झ नावाच्या सर्जनने बोन सिमेंटमध्येच अँटिबायोटिक कालवलं. जुना सांधा काढून त्याच ऑपरेशनमध्ये नवा बसवायलाही त्यांनी सुरुवात केली. १९८१ मध्ये त्यांच्या चमूने ५८३ रुग्णांचा अनुभव मांडला. पहिल्याच प्रयत्नात ७७ टक्के लोकांचं इन्फेक्शन गेलं होतं. कायमच्या काठीच्या जागी हे, म्हणजे केवढा फरक!

जंतू एवढे चिवट का, हेही याच सुमारास उलगडायला लागलं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत हात घातलाय कधी? भिंतीला बुळबुळीत थर लागतो. नुसतं पाणी बदलून तो जात नाही, घासावा लागतो. जंतू तसाच थर करून धातूला आणि प्लास्टिकला चिकटतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. म्हणून नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, आधी उघडून साफ करावं लागतं. १९८७ मध्ये अँथनी ग्रिस्टिना यांनी याला शर्यतीची उपमा दिली. नव्या वस्तूच्या पृष्ठभागावर आधी कोण पोचतं, शरीराच्या पेशी की जंतू?

या थराशी झुंजणारं एक औषध म्हणजे रिफाम्पिसिन. बाबांना तेच मिळालं. लघवी केशरी झाली आणि बाबा पुन्हा हादरले, कारण हे औषध आपल्याकडे टीबीचं म्हणून माहीत. "मला टीबी झालाय आणि तुम्ही लपवताय!" मग त्यांना एक जुना स्विस अभ्यास सांगितला. १९९८ चा, फक्त ३३ रुग्णांचा. इन्फेक्शन नवं, हाडातले भाग घट्ट, आत साफसफाई केलेली, म्हणजे बाबांसारखीच केस. कोर्स पूर्ण केलेल्यांत रिफाम्पिसिन जोडलेले १२ पैकी १२ बरे झाले, न जोडलेले १२ पैकी ७. अर्थात हे औषध एकटं द्यायचं नसतं, सोबत दुसरं लागतंच, नाहीतर जंतू लवकर सरावतात. आणि तीन महिने सलाइन लावून पडून राहायलाच हवं असंही नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या १,०५४ रुग्णांच्या चाचणीत हाडा-सांध्यांच्या इन्फेक्शनला, योग्य निवडलेल्या गोळ्या इंजेक्शनपेक्षा कमी पडल्या नाहीत.

भीतीचा आकडा

आता मला खटकलेली गोष्ट. हवेतले जंतू मोजले, झीज मोजली, टक्के मोजले. भीती कोणी मोजली?

बाबा दिवसातून वीसेक वेळा ताप बघायचे. ९८.९ आला की चेहरा उतरायचा. रात्री दोन्ही मांड्यांना हात लावून बघायचे, एक जास्त गरम आहे का. सीआरपी ९६ वरून ४१, मग १२, मग ५ झाला. जखम कोरडी. डॉक्टर म्हणाले, छान. पण चोर येऊन गेलेल्या घरात कडी चारदा बघितली जाते ना, तसं झालं होतं. मी त्यांना ग्राफ काढून दाखवला. ते ग्राफ बघायचे, मान हलवायचे आणि पुन्हा थर्मामीटर लावायचे.

शेवटी सर्जनच म्हणाले, समुपदेशकाला भेटा. तिथे १४ प्रश्नांचा एक फॉर्म मिळाला. मी अर्थातच त्याचाही इतिहास काढला. इंग्लंडमध्ये झिगमंड आणि स्नेथ या दोघांनी तो १९८३ मध्ये बनवला, हवेच्या त्या निकालानंतर वर्षभरातच. ७ प्रश्न चिंतेचे, ७ नैराश्याचे. थकवा, डोकेदुखी असलं शरीराचं त्यांनी मुद्दाम टाळलं, कारण आजारी माणसाला ते आजारामुळेही असतंच. मला हे फार आवडलं. दुखणं वेगळं आणि दुखण्याची भीती वेगळी, दोन्ही खरी, हे कोणीतरी कागदावर मांडलं होतं.

मग आमचे नियम ठरले. ताप दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी. जखमेचा फोटो रोज एकच, त्याच खिडकीपाशी. फ्रिजवर एक कागद, सर्जनना विचारून लिहिलेला: जखम पुन्हा ओली झाली, ताप चढला, लाली किंवा दुखणं वाढलं, तर या नंबरवर लगेच फोन. मनाने अँटिबायोटिक घ्यायचं नाही, त्याने तपासणीत जंतू सापडायचा राहतो. कागदावर नसलेली भीती वाटली तर ती वहीत लिहायची आणि आईला किंवा मला सांगायची. वेड्यासारखी वाटली तरी सांगायची.

आणि "माझं काय चुकलं?" त्याचं उत्तर मी बाबांना चार्नलींच्या गोष्टीने दिलं. म्हटलं, बाबा, गाळलेली हवा, नळीचा पोशाख, सगळं करूनसुद्धा त्या माणसाचा आकडा शून्य झाला नाही. अर्धा टक्का उरलाच. तो अर्धा टक्का वांगं खाणाऱ्यांचा नव्हता.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे दोनशेत एक."

"हो."

"त्या एकाला कोणी सांगितलं असेल का गं, की तुझं चुकलं नाही म्हणून?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत त्यांच्या अक्षरात दोन ओळी होत्या. ताप ९८.४. भीती आहे, कालपेक्षा कमी.

तुमच्या घरी कोणाचं ऑपरेशन झालं असेल, तर आज "दुखतंय का?" विचारून झाल्यावर "भीती वाटते का?" हेही विचारा. आणि मग जरा वेळ काढून बसा. पुढच्या भागात भेटूच. काळजी घ्या.