दोर गिळलेली होडी

व्हँकूवरहून दीडशे किलोमीटरवर होप नावाचं छोटंसं गाव आहे. होप म्हणजे आशा. गेल्या उन्हाळ्यात त्याच गावाजवळ, फ्रेझर नदीत, आमची जेटबोट बंद पडली आणि आम्ही आशा सोडायच्या बेतात आलो. चूक माझीच. काठावरून निघताना पुढची दोरी गुंडाळून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. तिचं टोक घसरून पाण्यात पडलं, होडीखाली ओढलं गेलं, खर्रर्र आवाज झाला आणि इंजिन गप्प.

आता तुम्ही म्हणाल, दोरीच अडकली ना, त्यात काय एवढं? गंमत अशी की जेटबोटीला बाहेर पंखा नसतो. तळाला एक तोंड असतं. तिथून पंप पाणी ओढतो आणि मागच्या तोटीतून जोरात फेकतो. ती तोटी डावी-उजवीकडे वळवली की होडी वळते. वेगळं सुकाणू नाहीच. पंप थांबला की वेग जातो आणि दिशाही जाते. मग प्रवाह नेईल तिकडे! नांगर टाकून, वल्हं मारून कसेबसे गोट्यांच्या काठाला लागलो.

होडी आमच्या प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञाची. साठीचा गृहस्थ, जन्म याच खोऱ्यातला. मला एका शब्दानेही बोलला नाही. इंजिनाची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली (हात पंपात असताना कुणी इंजिन चालू केलं तर बोटं गेलीच समजा) आणि करवती दातांची सुरी माझ्या हातात दिली. पंपावरचं झाकण उघडण्याआधी ते पाण्याच्या पातळीच्या वर आहे ना, हे त्याने वाकून पाहिलं. नसतं तर नदी होडीत आली असती.

तळाच्या तोंडावर जाळी असते, पण ती दगडगोट्यांसाठी. दोरी फटीतून आत शिरते आणि फिरत्या दांड्याला वेटोळे घालत जाते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. नायलॉनचं त्याहून वाईट. ते घर्षणाने वितळतं आणि पिळाचा दगडासारखा गोळा होतो. दांडा हाताने उलटा फिरवून हातभर दोरी सुटली, बाकीची तुकड्या-तुकड्यांनी कापावी लागली. पात्यांची टोकं आणि भोवतालची भिंत यांच्यात अगदी बारीक फट असते. तिथे चिकटलेलं प्लास्टिक खरवडणं हेच सगळ्यात किचकट. दोन तास गेले.

हा पंप होडीला बसवून यशस्वी केला तो न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी, १९५४ च्या सुमारास. मेंढ्यांच्या कुरणाचा मालक आणि हाडाचा अभियंता. गावाकडच्या उथळ, खडकाळ नद्या चढून जायच्या, एवढीच त्यांची इच्छा होती. १९६० मध्ये त्यांच्या होड्या ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदी उलटी चढून गेल्या. १९७७ मध्ये एडमंड हिलरी तीन जेटबोटी घेऊन गंगासागरहून गंगा चढत निघाले. नंदप्रयागजवळ धबधब्याने वाट अडवली. त्यातल्या एका होडीचं नाव चक्क 'एअर इंडिया' होतं!

मी दोरीला शिव्या घालत असताना तंत्रज्ञ म्हणाला, "दोरीला नावं ठेवू नकोस. याच नदीत, इथून वर, एक अख्खी आगबोट दोरीनेच चढवली होती." घरी येऊन वाचून काढलं.

होपच्या वर पन्नासेक किलोमीटरवर हेल्स गेट, म्हणजे नरकाचं दार. अख्खी फ्रेझर नदी तिथे जेमतेम पस्तीस मीटरच्या फटीतून घुसते. १८८० च्या दशकात कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा या दरीतला भाग अँड्र्यू ऑन्डरडाँक हा कंत्राटदार बांधत होता. सामान गाड्यांनी दरीतून वर न्यायचं तर खर्च भरमसाट. म्हणून त्याने खालच्या अंगाला, स्पझम इथे, 'स्कझी' नावाची आगबोट बांधली. ती मे १८८२ मध्ये पाण्यात उतरली. पहिला प्रयत्न फसला, कप्तान परत फिरला. सप्टेंबरात स्मिथ नावाचे दोघे भाऊ आले. बोटीचं चाक पूर्ण जोराने फिरत होतं, तरी बोट जागची हलेना.

तेव्हा कड्यांच्या भिंतींत भोकं पाडून लोखंडी कड्या ठोकल्या. त्यांतून दोर ओवले. एक दोर बोटीवरच्या वाफेच्या रहाटाला, एक माणसांनी फिरवायच्या चरखीला, आणि एक काठावरच्या सव्वाशे-दीडशे चिनी मजुरांच्या हातात. इंजिन, रहाट, चरखी आणि माणसं, सगळ्यांनी एकदम ओढ दिली तेव्हा स्कझी नरकाचं दार चढली. मी अभियंता, त्यामुळे माझं लक्ष आधी दोरावरच्या ताणाकडे गेलं. असा दोर तुटला तर चाबकासारखा परत येतो. आणि त्या माणसांच्या पायाखाली ओला खडक होता.

त्यांची मजुरी साधारण दिवसाला एक डॉलर, गोऱ्या मजुरांहून बरीच कमी. नोव्हेंबर १८८५ मध्ये रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला गेला. त्याच वर्षी कॅनडाने येणाऱ्या चिनी माणसावर डोईपट्टी बसवली, माणशी ५० डॉलर. १९०३ मध्ये ती ५०० झाली. १९२३ मध्ये तर दारच बंद केलं, ते १९४७ पर्यंत. सरकारने संसदेत माफी मागितली ती २००६ मध्ये.

स्कझीच्या कप्तानांची नावं पुस्तकात सहज सापडली. दोर ओढणाऱ्यांपैकी एकाचंही नाव मला कुठे मिळालं नाही.

त्या दिवशी काठावरून परत निघताना तंत्रज्ञाने उरलेल्या दोरीचं वेटोळं करून माझ्या मांडीवर ठेवलं. उतरेपर्यंत मी ते दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.