लोणंदहून ग्रंथालय किती दूर?

शिवाजी विद्यापीठ १९६२ साली कोल्हापुरात स्थापन झाले. त्याच्या कक्षेतल्या सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला लोणंद आहे. तिथून विद्यापीठाचे ग्रंथालय दीडशे किलोमीटरांहून दूर. एखादा संदर्भ पाहायचा तर पुणे-मिरज लोहमार्गावर निम्मा दिवस जाणार, उरलेल्या वेळात वहीत उतरवून घ्यायचे.

बिनतारी जाळ्याचा जन्मही अशाच अंतरापोटी झाला. बेटांवर विखुरलेल्या हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये ‘अलोहानेट’द्वारे आपला मुख्य संगणक रेडिओलहरींवरून इतर बेटांना जोडला. आपल्याकडे वाय-फायची २.४ गिगाहर्ट्झ पट्टी २००५ मध्ये परवानामुक्त झाली. २०१० पासून ‘एन-लिस्ट’ने सभासद महाविद्यालयांना ई-नियतकालिके व ई-ग्रंथ खुले केले. संकेतशब्द हाती असला, की लोणंदच्या कांदाबाजारात बसूनही शोधनिबंध वाचता येतो. ही सोय थोडी नव्हे.

पण ही सोय महाविद्यालयाच्या पटावरील नावाला आहे, वाचकाला नव्हे. शिवाय ग्रंथ विकत घेतलेला नसतो, वर्गणीपुरता वापरायला मिळालेला असतो. पदवी मिळून नाव पटावरून उतरले, की फोन तोच, लहरी त्याच, प्रवेश मात्र संपतो. पूर्वी एखादा ग्रंथपाल ओळखीच्या माजी विद्यार्थ्याला वाचनकक्षाच्या कोपऱ्यात बसू देत असे.