भौतिकोपचार शिक्षणातील अध्यापनपद्धती

भौतिकोपचार (फिजिओथेरपी) शिक्षणातील अध्यापनपद्धती म्हणजे भावी भौतिकोपचारतज्ज्ञांना रुग्णाची तपासणी, उपचारात्मक व्यायाम व हस्तोपचार शिकविण्यासाठी विद्यापीठीय अभ्यासक्रमात वापरल्या जाणाऱ्या पद्धती होत. शरीररचनाशास्त्र व्याख्यानांतून आणि शवविच्छेदनातून शिकविता येते. आखडलेल्या सांध्यावर किती जोर द्यावा, हे मात्र हातालाच शिकावे लागते. हा नवशिका हात सरावासाठी कोणाच्या शरीरावर ठेवावा, हा या शाखेतील अध्यापनाचा मूळ प्रश्न आहे.

महाराष्ट्रात महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा (नाशिक) पदवी अभ्यासक्रम दीर्घकाळ साडेचार वर्षांचा राहिला असून त्यातील अखेरचे सहा महिने आंतरवासितेचे असत.

सहाध्यायींवरील सराव

सर्वांत जुनी व आजही सर्वाधिक रूढ पद्धत म्हणजे विद्यार्थ्यांनी एकमेकांवर सराव करणे. गोनिओमीटरने गुडघ्याचा कोन मोजणे, स्नायूंच्या शक्तीला ० ते ५ अशी श्रेणी देणे इत्यादी कौशल्ये जोड्यांमध्ये शिकली जातात. रुग्णाच्या जागी पडून राहिल्याने परक्या हाताचा स्पर्श कसा वाटतो, हेही विद्यार्थ्यास कळते. तथापि सहाध्यायी बहुधा तरुण व निरोगी असतो. पक्षाघातानंतर ताठरलेल्या हाताचा प्रतिरोध त्याच्या शरीरात सापडत नाही. शिवाय खांदा, पाठ वा मांडी उघडी करावी लागत असल्याने संमतीचा प्रश्न उद्भवतो. वर्गातील उपस्थिती म्हणजेच संमती, असे गृहीत धरणे योग्य ठरत नाही. नकार देण्याची खरी मोकळीक असावी लागते.

समस्याधारित अध्ययन

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात १९६९ पासून राबविलेली ही पद्धत पुढे भौतिकोपचारातही आली. तीत लहान गट एका रुग्णाच्या कथनापासून प्रारंभ करून आवश्यक ज्ञान स्वतः शोधतो. भारतात या उदाहरणांची निवड महत्त्वाची ठरते. खुर्चीतून उठणे व जिना चढणे यांवरच भर दिल्यास उकिडवे बसणे, मांडी घालणे, जमिनीवरून उठणे या येथील रुग्णांच्या नित्याच्या गरजा दुर्लक्षित राहतात.

अनुरूपण

अनुरूपणात प्रशिक्षित व्यक्ती रुग्णाची भूमिका करते. ऑस्ट्रेलियात झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन यादृच्छिक चाचण्यांमध्ये स्नायू-अस्थी विषयातील चार आठवड्यांच्या रुग्णालयीन प्रशिक्षणाचा एक चतुर्थांश काळ अनुरूपणास देण्यात आला. तरीही विद्यार्थ्यांची क्षमता पारंपरिक गटापेक्षा कमी आढळली नाही. हा निष्कर्ष एक चतुर्थांशापुरताच आहे. संपूर्ण रुग्णालयीन प्रशिक्षणाला तो पर्याय ठरत नाही.

मूल्यमापन

रोनाल्ड हार्डन यांनी डंडी (स्कॉटलंड) येथे विकसित करून १९७५ मध्ये मांडलेली वस्तुनिष्ठ संरचित परीक्षा (ऑस्की) या शाखेतही वापरली जाते. विद्यार्थी ठरावीक मिनिटांच्या स्थानकांवर क्रमाने जातात व परीक्षक पडताळासूचीनुसार गुण देतात. त्यामुळे परीक्षकाच्या मर्जीचा प्रभाव घटतो. मात्र भौतिकोपचार आठवडे-महिने चालणारा असतो. कंटाळलेल्या रुग्णाकडून व्यायाम चालू ठेवून घेण्याचे कौशल्य अशा स्थानकावर तपासता येत नाही. ते आंतरवासितेत, एकच रुग्ण दीर्घकाळ सोपविला गेला तरच दिसून येते.