पाणलोटावरची वाट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमचा कळंब्याचा तलाव कात्यायनीच्या डोंगरातून उतरणाऱ्या पाण्यावर भरतो. त्यामुळे ओढ्याचा स्वभाव आम्हा कळंबेकरांना ठाऊक असतो. वर डोंगरात तो एका ढांगेत ओलांडता येतो. तोच खाली आला, की आषाढात त्याला उतार मिळत नाही. एवढी साधी गोष्ट ध्यानात ठेवली, तर पन्हाळा ते विशाळगड ही इतिहासातली वाट नव्याने उलगडते.

मार्च १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. १२ जुलैच्या रात्री, आषाढी पौर्णिमेला, शिवाजी महाराज भर पावसात गडाबाहेर पडले. पालखीतून शत्रूसमोर गेलेले शिवा काशीद आणि खिंडीत देह ठेवणारे बाजीप्रभू देशपांडे आपण विसरलेलो नाही. मला आज सांगायचं आहे ते त्यांच्या पायाखालच्या डोंगराबद्दल.

पन्हाळ्यापासून पश्चिमेला सह्याद्रीच्या मुख्य रांगेपर्यंत एक सोंड गेली आहे. उत्तरेला वारणा-कडवीचं खोरं, दक्षिणेला कासारीचं. आधी मसाईचं पठार लागतं. काळ्या पाषाणावर जांभ्याची सपाट लादी. घोटाभर पाणी साचेल, पण काळ्या रानासारखा पाय रुतत नाही. पुढे खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, पांढरपाणी. इथे दाट झाडी, निसरडे चढउतार आणि चिखल. ओढे इथेही आडवे येतात. पण ते उगमाजवळचे, माणसाला ओलांडता येण्याजोगे. खोऱ्यातून जायचं, तर तेच पाणी नदी होऊन वाट अडवणार. पाठलागावरच्या घोडदळाला असा मुलूख अवघड. काटक मावळ्यांना तो अंगवळणी पडलेला.

ही पन्नास-साठ किलोमीटरची वाट गजापूरच्या घोडखिंडीत येते. कासारीचा उगम याच परिसरातला. खिंड इतकी चिंचोळी, की मागे फौज कितीही असो, पुढे मोजकेच लढू शकतात. बाजीप्रभू आणि बांदलांच्या मावळ्यांनी तिथेच पाय रोवले, आणि महाराज विशाळगडी पोहोचले. घोडखिंडीची पावनखिंड झाली ती त्यांच्या रक्ताने. भूगोलाने जागा दिली. तिथे उभं राहण्याची छाती माणसांची.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात पन्हाळा आहे, याचा आनंदच आहे. पण विशाळगड त्या यादीत नाही, आणि दोन्ही गडांना जोडणारी ही सोंडही नाही. तटबंदी ढासळली, तर दगडावर दगड रचता येतो. जांभ्याचं पठार खणलं, डोंगर फोडून रस्ता रुंद केला, तर ते पुन्हा रचता येत नाही. दर पावसाळ्यात शेकडो तरुण ही वाट पायी तुडवतात. माझं त्यांना एवढंच सांगणं आहे : घोषणा जरूर द्या, पण वाटेत कुठे ओढा उगम पावतो, कुठे जांभा संपून माती लागते, तेही पाहा. १६६० सालचा एक साक्षीदार अजून जागेवर उभा आहे. त्याची साक्ष पुसली जाऊ नये.